घुबडाचे डोळे

माझ्या वडिलांना वनखात्यात सगळे घुबड म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. जंगलातल्या लाकूडचोरांच्या मागावर जाणारी गस्तीची गाडी ते मिट्ट अंधारात चालवतात. दिवे लागलेले असतात, पण काळ्या काचेआड. त्यांचा इन्फ्रारेड उजेड उघड्या डोळ्यांना दिसत नाही, फक्त रात्रीच्या खास चष्म्यातून दिसतो. चष्मा एकच, तो बाबांचा. शेजारचा गार्ड जीव मुठीत धरून बसतो आणि बाबांवर विश्वास ठेवतो.

त्याच गार्डच्या कपाळाला परवा टाके पडले. दरीकडेच्या वळणावर गाडी झाडाला घासली होती. बाबा म्हणाले, हरीण आडवं आलं. मला तेव्हाच शंका आली, कारण बाबांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

आज सकाळपासून ते एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, मग दुसरा झाकून. मी चहा घेऊन गेले तर म्हणे, डोळ्यात कचरा गेलाय. दुपारी पाहते तर आईच्या डब्यातली सुई घेऊन खिडकीत बसलेले. दोरा पहिल्याच फटक्यात ओवला आणि चेहरा मात्र आणखी पडला. मग मी समोर बसकण मारली आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणाले.

"दिवसा सुईसुद्धा दिसते, पण रात्रीचा चष्मा लावला की मला काही दिसत नाही," ते हळूच म्हणाले. "चांदणं असलं तर थोडंफार. झाडी लागली की अंदाजाने हाकतो. कुणाला बोलू नकोस."

महिनाभर हे चाललं होतं. आज अमावास्या होती आणि दिवस मावळला की त्यांना निघायचं होतं. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

महिना म्हटल्यावर मला गाडीचे नवे बल्ब आठवले आणि मी तडक खात्याचं वर्कशॉप गाठलं. तिथला वायरमन माझा नवरा. गाडीचे बल्ब महिन्यापूर्वी त्यानेच बदलले होते. सासऱ्यांची गाडी म्हटल्यावर साधंसुधं कसं चालेल? बाजारातले सगळ्यात लखलखीत एलईडी आणून, काच बसवण्याआधी पेटवून सगळ्यांना दाखवले होते. जुने पिवळट हॅलोजन भंगारात गेले. काच बसल्यावर काही दिसलं नाही, पण ते दिसायचंच नसतं.

मी त्याला दिवे लावायला सांगितले. लावलेत की, म्हणाला. मी काचेवर हात ठेवला. थंडीत निघण्याआधी बाबा ह्याच काचेवर हात शेकायचे, गार्डलोकांनाही बोलवायचे. आता ती गारढोण होती.

"तापतच नाही," नवरा कौतुकाने म्हणाला.

"मग काचेतून बाहेर काय पडतं?"

त्यानेही काचेवर हात ठेवला आणि त्याला उमगलं. ह्या एलईडीचा उजेड जवळपास सगळा दिसणारा, आणि काळी काच नेमका तोच अडवते. हॅलोजन मात्र आगीसारखा तापतो आणि न दिसणारा उजेड भरपूर फेकतो. बाबांचा रस्ता त्या उजेडात होता. नवरा आत धावला.

स्टोअरमध्ये हॅलोजन होते. घाईत त्याने आधी शंभर वॅटचे उचलले आणि लगेच खाली ठेवले. बंद दिव्यात एवढ्या उष्णतेने काच तडकली असती आणि फटीतून निसटलेल्या भगभगीत उजेडात चोरांना गाडी आयतीच दिसली असती. पंचावन्नचे घेतले. काचेला बोटं लागू नयेत म्हणून बल्ब फडक्यात धरून बसवले, पण गडबडीत एक स्क्रू दोनदा पडला. बाहेर ऊन भिंतीच्या विटांवरून उतरत चाललं होतं.

दुसरी काच बसतेय तोवर बाबा गणवेश घालून आले. मागे कपाळाला पट्टी बांधलेला गार्ड. नवऱ्याने दिवे लावून शटर ओढलं. अंधारात बाबांनी सवयीने काचेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. मग त्यांनी चष्मा चढवला.

"कोपऱ्यातला जॅक दिसतोय," ते म्हणाले. "त्याच्या दांड्याला गुंडाळलेली चिंधीसुद्धा."

नवऱ्याने शटर वर केलं. चूक माझीच आहे मामा, म्हणाला, पण दिसत नाही हे एकदा सांगायचं ना.

बाबांनी चष्मा काढला. "सांगितलं असतं तर तुम्ही बल्ब बदलला असता, की ड्रायव्हर?"



गार्ड कपाळाच्या पट्टीला हात लावून उभा होता. "मला तरी सांगायचं होतं," तो म्हणाला. मग गाडीचं दार उघडून रोजच्या जागी जाऊन बसला.