रिकाम्या ओळीतली टिकली

शिक्षक मित्रांनो, आज सकाळी देवाला हात जोडून कारखान्याच्या भोंग्याआधीच मोहने गावातल्या माझ्या शाळेत पोहोचलो. वर्गात दुसरीतली मंदा पाढ्यांच्या तक्त्यावर टिकली चिकटवत होती.

पाढा पाठ झाला की मी मुलांच्या नावापुढे चमकीची टिकली लावतो. मंदाची ओळ अजून रिकामीच होती.

"माझ्या डबीतली घेतलीस गं?"

"नाही गुरुजी, आईच्या आरशावरची आहे. आज ती शाळेत येणारे. मला एक मिळाली, असं मी तिला सांगितलंय."

पोर माझ्या शाबासकीपायी खोटं बोलायला शिकली होती. तुमच्याही वर्गात अशी रिकामी ओळ आहे का?

अशा रिकाम्या ओळी पाहून महिनाभर मन खात होतं, पण मुलं पाढे म्हणतात म्हणून गप्प होतो. आज मंदाची आई यायच्या आत मी तो तक्ता भिंतीवरून उतरवला.