बिनविरोध काकांची कॅसेट

लंडनमधल्या इल्फर्डच्या शाळेत मी पॉलिटिक्स शिकवायची. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता, अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि उमेदवारांची भाषणं मी रेडिओवरून कॅसेटवर घेऊन वर्गात लावायची. टीव्ही नाही म्हणजे नाही. टीव्हीवर मुलं टाय आणि केस बघून मत देतात. मोठी माणसंही तेच करतात, फक्त कबूल करत नाहीत. माझी रीत साधी होती. पहिल्यांदा ऐकायचं आणि माणूस काय म्हणाला ते सांगायचं. मग रिवाइंड करून पुन्हा ऐकायचं, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं का ते सांगायचं. दुसऱ्या ऐकण्यात भलेभले उघडे पडतात. स्टाफरूममध्ये मला जुनाट म्हणायचे, व्हिडिओ दाखव म्हणायचे. त्यांच्या व्हिडिओच्या तासाला मागची बाकं घोरत असायची, पण ते जाऊ दे.

रविवारी दुपारी मी स्टॅनमोरला आमच्या मराठी मंडळाचा मुलांचा वर्ग घ्यायची; तिथे मुलं मला मावशी म्हणायची. मंडळ म्हणजे बहुतेक डॉक्टर, त्यांच्या बायका आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलं. चर्चच्या मागचा हॉल आम्ही भाड्याने घेत असू. मुलं बाराखडीला विटली होती, म्हणून एकदा तिथेही तीच अमेरिकन भाषणं लावली. ऐकून झाल्यावर वर्गातल्या सगळ्यात मोठ्या मुलीने विचारलं, की आपल्या मंडळाचा प्रेसिडेंट कोण निवडतं?

मला हसूच आलं. आमच्याकडे निवडणूक म्हणजे अब्रह्मण्यम्! कमिटी कोणाच्या तरी लिव्हिंग रूममध्ये साबुदाण्याची खिचडी खात नाव ठरवायची, एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, कोणीतरी 'बिनविरोध' म्हणायचं, की झाल्या टाळ्या. मत देणं म्हणजे भांडण, अशी या विद्वानांची समजूत. ब्रिटिश पार्लमेंटने काय करायला हवं यावर तासन्‌तास अक्कल पाजळायचे, पण स्वतःच्या मंडळात हात वर करायचा म्हटलं की यांचे खांदे दुखायचे.

अध्यक्ष होते एक बडे सर्जन. कितीतरी वर्षं तेच. मंडळाच्या नाटकात राजाची भूमिकाही त्यांचीच, पोट कितीही सुटलं तरी. त्या वर्षी मात्र आक्रीत घडलं. बेसिंगस्टोकच्या एक जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर असलेल्या बाई त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्याच सुमारास माझ्या कानावर आलं, की रविवारची दुपार नाटकाच्या तालमींना हवी आहे आणि मुलांचा वर्ग बंद होणार आहे. मला धड कोणी सांगेना. सेक्रेटरीला विचारलं तर तो अध्यक्षांपेक्षा जास्त गुरगुरला. चहापेक्षा किटली गरम. वर्ग गेला असता तर या मुलांचं मराठी 'जेवायला ये' आणि 'शूज काढ' इथेच थांबलं असतं.

मग मी मुलांच्या हातात टेपरेकॉर्डर दिला. दोन्ही उमेदवारांना भेटा, म्हटलं, आणि एकच प्रश्न विचारा: आमचा वर्ग राहणार का?

जीपी बाई दोन वाक्यांत मोकळ्या झाल्या. वर्ग बंद करायचं कमिटीत ठरलंय, म्हणाल्या, आणि मी निवडून आले तर ते होऊ देणार नाही. अध्यक्षांनी मात्र कॅसेटची अख्खी बाजू खाल्ली. मातृभाषा, संस्कार, रोपटं, वटवृक्ष, सगळं आलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मुलांनी रीतीप्रमाणे दोनदा ऐकलं आणि वर्गातली सगळी मतं बाईंना दिली.

पण खऱ्या निवडणुकीची वेळच आली नाही. मंडळातल्या दोघा वडीलधाऱ्यांनी फोन केला. तोही बाईंना नाही हं, बाईंच्या नवऱ्याला! आपल्यात कशाला वितुष्ट, तुम्ही जरा समजावा, वगैरे. दिवसभर पेशंटना औषधं देणाऱ्या या बाईला काय कळतं ते तिचा नवरा ठरवणार. बाईंनी अर्ज मागे घेतला. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

एजीएमच्या दुपारी हॉल भरला होता. जरीच्या साड्या, कोटावर उपरणी, बटाटेवड्यांचा वास. अध्यक्षांना आपली मुलाखत म्हणजे मुलांनी केलेला सत्कार वाटला होता. कॅसेट त्यांनी स्वतः ऐकलीही नव्हती, आणि मला न विचारता माइकवरून जाहीर केलं, की आता मुलांनी घेतलेली माझी मुलाखत सगळ्यांनी ऐकावी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनात म्हणत मी कॅसेट लावली. वर्गातल्या त्या मोठ्या मुलीचा प्रश्न स्पष्ट ऐकू आला. मग वटवृक्ष. वटवृक्षाला टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एका हृदयरोगतज्ज्ञाने तर चष्मा काढून डोळे पुसले.

कॅसेट संपली तशी ती मोठी मुलगी उठून उभी राहिली.

"काका, तुम्ही उत्तर नाही दिलं. आमचा वर्ग राहणार का?"

मला वाटलं, आता सापडले. छे! अध्यक्षांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "अरे वा! किती गोड मराठी बोलते ही!" आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मोठमोठ्या हॉस्पिटलांमधले कन्सल्टंट, रोगाचं नाव काढायच्या आधी पेशंटला शंभर प्रश्न विचारणारे, पण त्या मुलीने काय विचारलं ते एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. पोपट बोलला याचंच कौतुक. पोपट काय बोलला, कोण बघतो?

मग 'बिनविरोध' झालं. मग सेक्रेटरीने अहवाल वाचता वाचता 'मराठी वर्ग तूर्त स्थगित' असं घाईघाईने म्हणून घेतलं आणि पुढे तालमींच्या वेळा सांगितल्या. जीपी बाई खाली बघत होत्या. शेवटी अध्यक्षांना लहर आली. आभारप्रदर्शन आपल्या या गोड मुलीने करावं, म्हणाले.

ती माइकपाशी गेली. चेहरा लाल, आवाज मात्र स्थिर.

"मी सगळ्यांचे आभार मानते. काकांचे, कारण त्यांनी आमचा वर्ग बंद केला. तुमचे, कारण तुम्ही टाळ्या वाजवल्या. मावशीने आम्हाला मराठी शिकवली म्हणून मोठे लोक काय बोलतात ते आम्हाला कळतं. आता कळलं. आता पुढे नाही शिकलो तरी चालेल."

मागच्या रांगांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या, आणि वडे गार होतायत म्हणून सगळ्यांना उठवलं. त्यांना काही लागलंच नव्हतं. ते शेवटचं वाक्य लागलं ते मला. मी टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळत तिच्याशी मराठीत काहीतरी बोलले, आणि तिने मला इंग्रजीत उत्तर दिलं.