पोचवायचा निरोप

"एक सांगू का? नको असेल तर नको," असं विचारल्याशिवाय तो येशूचं नाव काढत नसे. आधी खांद्यावर हात, मग हा प्रश्न. असा माणूस तुमच्याही कामावर असेल. तो जवळ आला की आपण चहाच्या निमित्ताने सटकतो.

पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आम्ही दोघं कापडाच्या घड्या घालायचो. मी धुळ्याकडचा, तो नवापूरकडचा ख्रिस्ती. एकदा वैतागून मी म्हणालो, "तुझा देव तुझ्यापाशी ठेव ना, भाऊ."

"माझ्यापाशी ठेवायला दिलाच नाही. निरोप आहे तो. निरोप खिशात घालून फिरलं तर झोप लागते का?"

त्याला खरंच लागत नसावी. डोळे कायम लाल.

मग लिंबायतला त्याच्या गल्लीत चार जण दम देऊन गेले. "पुन्हा कोणाला सांगितलंस, तर धर्म बदलवतो म्हणून पोलिसात देऊ." बायकोने लेकरांची शपथ घातली. महिनाभर तो गप्प होता. त्याच्या घड्या चुकायला लागल्या.

त्यातच आमचा बॉयलरवाला वाफेने भाजला. हा रोज काम सुटलं की दवाखान्यात जाऊन त्याला पेज भरवायचा. एकदा मीही गेलो.

"तू मागे काहीतरी सांगणार होतास," बॉयलरवाला म्हणाला. "मी हसून टाळलं. आता सांग. मला भीती वाटतेय."

दारात बॉयलरवाल्याचा मेहुणा उभा होता. दम देणाऱ्यांतलाच एक. मी याचा शर्ट मागून ओढला. याने तो सोडवून घेतला आणि वाकून सांगू लागला. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, मेंढपाळ शोधायला निघाला... तेवढ्यात नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दम देणारे ते चौघं तक्रार घेऊन मिलमध्ये आले. मॅनेजरने मला विचारलं, "याने जबरदस्ती केली?"

"मी काही ऐकलंच नाही," मी म्हणालो. 'नाही केली' एवढंच म्हणायचं होतं.

तो शेजारीच घड्या घालत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातली घडी पुरी केली आणि गेला. दोन दिवसांनी त्याच्या खोलीला कुलूप होतं, फोन बंद.

बॉयलरवाला घरी आल्यावर मी भेटायला गेलो. मेहुणा आतल्या खोलीत होता.

"तो कुठंय? ते मेंढरू सापडलं का रे?" बॉयलरवाल्याने विचारलं.

गोष्ट मी दहादा ऐकली होती. "सापडलं," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा विचारावं लागलं.