आत्याचं एकच उत्तर

जगात जेवढी म्हणून शास्त्रं शिकवली जातात ती सगळी माझ्या धाकट्या आत्याला येतात, आणि त्यांतल्या एकाचाही कागद तिच्याकडे नाही. बारावी होताच तिचं लग्न झालं, पुढे आतोबा अकाली गेले आणि आत्याने रत्नागिरीत कॉलेजच्या मागच्या गल्लीत खानावळ काढली. देवरूख, हेदवी, जयगड अशी कुठून कुठून आलेली मुलं तिथे जेवतात. खानावळीचा नियम एकच. पहिलं वाढप आत्या मुकाट्याने करते, पण दुसऱ्यांदा आमटी हवी असेल तर आज वर्गात काय झालं ते तिला समजावून सांगायचं. "काय शिकवलानी आज?" असं विचारत ती डाव हातात धरून उभी राहते, आणि तिला समजेपर्यंत डाव खाली येत नाही.

असं करत करत वीस वर्षांत भूगर्भशास्त्रापासून मानसशास्त्रापर्यंत सगळं तिच्या डोक्यात जाऊन बसलं. शेजाऱ्यांनी विहिरीची जागा पाहिली तेव्हा तिथला जांभा दगड किती खोल आहे आणि त्याखाली पाणी का टिकणार नाही, हे तिने त्यांना ओटीवर बसून सांगितलं. शेजारी हसले, विहीर खणली आणि मार्चमध्ये कळशा घेऊन आत्याच्याच नळावर आले. तत्त्वज्ञान शिकणारा एक मुलगा म्हणाला, "मावशी, हा टोप खरोखर आहे, हे सिद्धच करता येत नाही." आत्याने खरंच विचार केला. मग म्हणाली, "बरं, मग आमटी कशात हाय ते सांग, मी तिथनं वाढते." अर्थशास्त्राच्या एकाने तर कॉलेज बुडवून मित्राच्या वहीतला धडा घडाघडा म्हणून दाखवला. "हा भाग दिवाळीनंतर असतो," आत्या म्हणाली, "उद्या वर्गात जा आणि मग माझ्याकडे ये." मी एम.कॉम. होऊन बँकेत चिकटलेला माणूस. तिच्यासमोर जेवायला बसलो की मी दुसऱ्यांदा आमटी मागतच नसे.

दोन वर्षांपूर्वी ती मला म्हणाली, "एवढ्या पोरांचे पदवीचे फोटो बघितले रे. माझ्या नावाचा एक कागद मला हवा." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, त्यावरून तिला तो किती हवा होता ते मला कळलं. बाहेरून बी.ए.चा अर्ज आणला. मुख्य विषयाच्या रकान्यात एकच नाव लिहायचं होतं आणि त्या एका नावासाठी आत्याने आठवडा घेतला. शेवटी कशीबशी अर्थशास्त्रावर तयार झाली.

पहिल्याच पेपरात ती नापास झाली. माझा विश्वास बसेना. मी तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि बघतो तर पाचांपैकी एकच प्रश्न सोडवलेला: महागाईची कारणे. तीन तास त्याच उत्तरात गेले होते. मागणी-पुरवठ्यापासून निघून ती पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांतल्या बांगड्याच्या भावावर आली होती, तिथून मासळीच्या विणीवर, वाऱ्यांवर, आणि परवडत नसतानाही माणूस रविवारी मासळी आणतोच ती कशाच्या ओढीने, यावर. बँकेतल्या माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या मी ते वाचलं आणि माझ्याच धंद्याची गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा समजली. फेरतपासणी मागू, असं मी तावातावाने म्हणालो. "नको," आत्या म्हणाली, "त्यांनी बरोबर केलानी. पाच विचारले होते, मी एकच लिवलं."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसतो. पस्तीस मिनिटं झाली की "आत्या, पुढचा प्रश्न" म्हणतो, आणि जन्मात कुणाचं न ऐकलेली ती बाई निमूटपणे पेन उचलून पुढच्या पानावर जाते. पंधरा दिवसांनी परीक्षा आहे. काल तिने महागाईची कारणे अर्ध्या तासात लिहून काढली. सहा मुद्दे, खाली रेघ, सगळं पुस्तकाबरहुकूम.

"बांगडा काढून टाकला," ती म्हणाली. "आता पास होईन ना रे?"

"होशील," मी म्हणालो. ती नक्की होईल. पण मला फार वाईट वाटलं.