दाजी आणि ब्रेकची रबरं

सायकलचं चाक फिरतं ते थांबण्यासाठीच, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या अक्काचा नवरा होता. दाजी देवीच्या रोगाची सरकारी लस टोचणारे. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. पाथर्डीकडची खेडी ते सायकलवरून पालथी घालत आणि वाटेत भेटेल त्याच्या सायकलचे ब्रेक आधी तपासत, रामराम नंतर. दुसऱ्या महायुद्धापायी रबर मिळेनासं झालं होतं. नगरच्या दुकानात चार रबरं आल्याचं कळलं की दाजी हजर. एकेक उचलून त्यात नख रुतवायचे. नख रुतलंच नाही तर "हे दगूड हाय." रुतल्याची खूण तशीच राहिली तर "ही गुळाची ढेप." खूण उमटून लगेच भरून आली, तरच ते रबर पास. एकदा त्यांनी रबर चावून पाहिलं, तेव्हा दुकानदाराला राहवलं नाही. "डाक्टर, पेढा न्हाई त्यो!" दाजी गंभीरपणे म्हणाले, "पेढा वंगाळ निघाला तर पोट बिघडंल. हे वंगाळ निघालं तर पोट ऱ्हाईल, मानूस जाईल."

माझ्यासाठी आलेलं स्थळ तर ते मोडायलाच निघाले होते. कारण काय, तर मुलीच्या भावाच्या सायकलचं रबर झिजून पत्रा चाकाला घासत होता. "ज्या घरात रबर बदलत न्हाईत, तितं छप्पर बी शाकारत नसतील." अक्कानं डोळे वटारले, म्हणून माझं लग्न झालं.

मी त्या वेळी नगरला शाळेत शिकवत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी दाजी दारात उभे. घाटापलीकडच्या एका गावात देवीची साथ आली होती, दोन पोरं दगावली होती, आणि त्यांचा शिपाई तापानं पडलेला. "पोरांचे दंड धराया कुनी तरी पायजे. चल." लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी सदऱ्याच्या आत छातीशी बांधल्या होत्या. ऊन चढायच्या आत पोचलो नाही, तर लस नासणार होती.

घाटाच्या माथ्यावर ते थांबले. "उतर. रबर बघू दे."

"दाजी, कालच नवी घातलीत. मी स्वतः."

"तू घातलीस म्हनूनच."

माझं टाळकं सरकलं. तिकडे पोरं मरताहेत आणि हा माणूस रबरं चिवडत बसणार! मी पायडल मारलं आणि निघालो.

पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्या वळणाला समोर बैलगाड्यांची रांग दिसली. मी ब्रेक आवळला, आणि पुढच्या चाकातून काहीतरी टणकन उडून रस्त्यावर गेलं. रबर पत्र्याच्या ज्या घरात बसतं, त्याची एक बाजू बंद असते. ती बंद बाजू चाक फिरतं त्या दिशेला ठेवायची, म्हणजे चाकाच्या ओढीनं रबर निसटत नाही. मी उघडी बाजू तिकडे ठेवली होती. मागचंही गेलं. आता नुसता पत्रा चाकावर किंचाळत होता आणि सायकल जास्तच पळत होती. डावीकडे दरी. पुढे गाडीत बसलेली एक बाई माझ्याकडे बघून ओरडायला लागली.

"हँडल सोडू नगंस!" मागून दाजींचा आवाज आला. दुसऱ्या क्षणी त्यांच्या हातानं माझं कॅरिअर पकडलं. एका हातानं ते मला मागं ओढत होते, दुसऱ्यानं आपला ब्रेक आवळत होते. जळक्या रबराचा वास आला, वेग मोडला, आणि शेवटच्या गाडीपासून चार हातांवर आम्ही दोघं उजवीकडच्या चरात कोसळलो.

दाजी उताणे पडले होते. छाती त्यांनी हातानं झाकली होती. आधी नळ्या मोजल्या. सगळ्या शाबूत. मग माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"मी बराय."

"मग ऊठ. ऊन चढतंय."

मला वाटलं, आता घाट संपेपर्यंत रबरांवर व्याख्यान ऐकावं लागणार. पण ते सायकल उचलून पुढं झाले. सायकली ढकलत आम्ही उतरलो. त्यांचं डावं मनगट सुजून वांग्याएवढं झालं होतं. गावात त्यांनी एका हातानं दुपारपर्यंत लस टोचली. रडणारी पोरं मी धरून ठेवली, आणि प्रत्येक पोराच्या आईला ते हसून सांगत, "झालं, बाई, झालं." ज्या गावात सकाळपर्यंत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, तिथं पोरांच्या रडण्याचा केवढा तरी कल्ला झाला.

सगळं आटोपल्यावर एका म्हातारीनं ताक आणलं. दाजींचा उजवा हात आता भरून आला होता, तांब्या धरवेना. मी तो त्यांच्या ओठांना लावला. दोन घोट घेऊन ते हळूच म्हणाले, "तुझ्या अक्काला घाटातलं सांगू नगंस. भिईल ती."

ते मनगट पुढे वाकडंच राहिलं. दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अक्का थकली आहे. कधीतरी संध्याकाळी माझ्याजवळ बसून ती विचारते, "त्येंचं मनगट कशानं रं वाकडं झालं हुतं?" मी म्हणतो, "पडले होते." ती माझ्याकडे बघून हसते, आणि दिवा लावायला उठते.