आईनं दिलेलं उत्तर
शिवारात हळद शिजायला लागली, की त्या उग्र वासासोबत मला हिंगोलीचा तो दवाखाना आठवतो. कंबर धरली होती म्हणून आई आणि सासू दोघी मला घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठलं ऑपरेशन झालंय का?" मी तोंड उघडणार, तोच आईनं टेबलाखालून माझा पाय दाबला आणि म्हणाली, "न्हाई वो, पोरगी ठणठणीत हाय." लग्नाआधी वजन उतरावं म्हणून तिनंच मला हैदराबादला नेऊन पोट लहान करायचं ऑपरेशन करवलं होतं, आणि सासरी कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती. मीही गाढवासारखी गप्प बसले. डॉक्टरांनी कंबरदुखीच्या गोळ्या दिल्या; तसल्या पोटाला त्या चालत नव्हत्या. आठव्या दिवशी, हळदीच्या कढईजवळ उभी असतानाच मला रक्ताची उलटी झाली. मग मोठ्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या सगळं सांगून टाकलं. सासू एवढंच म्हणाली, "मला नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण डॉक्टरला तरी सांगायचं व्हतं, माय." आजही आईचा फोन येतो तेव्हा पोट कसं आहे हे ती विचारत नाही; विचारते, "सासू काही बोलती का?"