परात वाजली आणि चोर गाडी टाकून पळाला

मंडळी, तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही!

वाशीममधल्या आमच्या गल्लीमागं नवी वसाहत झाली, मोठा रस्ता आला आणि चोऱ्याही वाढल्या. सलीमभाई टेलरांचं दुकान दोनदा फोडलं. कंटाळून ते दुकान दुसरीकडे हलवणार होते. आमचे हे वारल्यापासून माझं घर सलीमभाईंनी दिलेल्या साड्यांना फॉल लावण्यावर चालतं. त्यामुळं माझी झोप उडाली होती.

आज दुपारी सलीमभाई जुम्म्याच्या नमाजला गेले. मी गच्चीवर कुरडया घालत होते. खाली पाहिलं, तर एक माणूस सळईनं त्यांच्या शटरचं कुलूप तोडत होता. एकटीचा आवाज कुठवर पोचणार? मग परात उचलली आणि कठड्यावर बडवली. शेजारच्या सुशीलाकाकूंनी ताट घेतलं. बघता बघता सगळ्या गच्च्या वाजू लागल्या! चोर असा घाबरला, की मोटारसायकल तिथंच टाकून पळाला. ती नंतर पोलिसांनी नेली.

काकू म्हणाल्या, “चोर पळाला वो, पण अर्ध्या कुरडया तर तुमीच तुडवल्या!”

तेवढ्यात सलीमभाई धापा टाकत आले. वाकडं झालेलं कुलूप पाहिलं, मग वर गच्च्यांकडे पाहिलं.

“भाभी, आता कायले जाऊ मी? एवढे चौकीदार मले दुसरीकडे कोन देईल?”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. हे असते, तर परात त्यांनीच हिसकावून घेतली असती.

तुमच्या गल्लीत दुपारच्या वेळी दुकानांवर कोणाची नजर असते?